या फाइलमध्ये संगीत सापडले नाही

मी रोज सकाळी साडेनऊला डबा घेऊन घणसोली गावात कामावर जाते आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत साठ-सत्तर वेळा मरते. पगार मला त्याचाच मिळतो. आमच्या सोसायटीतल्या बायकांना मी आधी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगायचे. एकदा कोणीतरी फारच खोदून विचारलं तेव्हा खरं सांगून टाकलं, की मी व्हिडिओ गेम खेळते. वय वर्षं छप्पन्न. त्या दिवसापासून त्यांची मुलं मला लिफ्टमध्ये पाहिलं की अदबीने जागा देतात आणि त्यांच्या आया छताकडे बघतात.

खरं म्हणजे मी खेळत नाही, तपासते. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायची, हा माझा धंदा. महाप्यातल्या एका मोठ्या कंपनीत एकवीस वर्षं बँकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका काढल्या. 'हेच काम तू घरी फुकट करतेस,' असं आमचे हे म्हणतात. एक दिवस कंपनीने आमचा अख्खा विभागच बंद केला. चुका काढणाऱ्यांना काढताना मात्र कंपनीने एकही चूक केली नाही, सगळे कागद जागच्या जागी होते. मी स्वतः दोनदा तपासले.

मग चार महिने घरी बसले. बरण्यांना लेबलं लावली, झाकणं तपासली, ह्यांचं रक्तदाबाचं मशीन तीन वेगवेगळ्या मशीनशी ताडून पाहिलं. घरातली माणसं हवालदिल झाली. तेवढ्यात इम्तियाजचा फोन आला. इम्तियाज महाप्याला माझ्या हाताखाली शिकला होता. मूळचा मुरूडकडचा कोकणी मुसलमान, घरात तीन पिढ्या सुक्या मासळीचा व्यापार, हा एकटाच कॉम्प्युटरकडे वळलेला. तो म्हणाला, "ताई, मी नोकरी सोडली. गेम बनवतोय. मी बनवणार, तुम्ही मोडायचा. बोला."

मोडायला मी कधीच नाही म्हणत नाही.

आमचं ऑफिस म्हणजे घणसोली गावठाणात हिराबाईंच्या चार मजली घराचा पहिला मजला. समोरच्या घराची खिडकी इतकी जवळ, की त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंक आम्हाला येते. खाली स्वतः हिराबाई, त्यांचा मुलगा जगदीश, सून आणि नात करिश्मा. वर दोन मजले भाडेकरू. पूर्वी या घराची भातशेती होती. आता भाडी पिकतात, असं जगदीशच सांगतो.

खेळाचं नाव 'धडधड'. नवख्या माणसाला तो असा समजावून सांगते. पडद्याच्या मधोमध एक छोटं यान. ते आपलं. चारही बाजूंनी शत्रू येतात, त्यांना गोळ्या घालायच्या. असे खेळ पन्नास आहेत. आमच्यातली गंमत अशी, की गाणं खेळणाऱ्याने आपलं आपण द्यायचं. तुमच्या फोनमधलं कुठलंही. खेळ ते गाणं ऐकतो आणि त्यातून शत्रू काढतो. ढोलाच्या ठोक्याला जाडजूड शत्रू, सनईला सुईसारखे बारीक. लय वाढली की त्यांचा वेग वाढतो. गाणं संपेपर्यंत टिकलात की जिंकलात. म्हणजे जो तो आपापल्या आवडीने मरतो. माझ्या हातून लोकांची लाडकी गाणी किती वेळा शत्रू होऊन गेली असतील, त्याची गणती नाही. काही गाण्यांचा तर मला आता लग्नात ऐकतानाही राग येतो.

आमच्या कामातला एक नियम आहे. तपासणारीने निकाल जसा आला तसा सांगायचा. गोड करून नाही, झाकून नाही. मला या नियमाचा अभिमान इतका होता, की त्यापायी काय होऊन बसलं तेच आज लिहिणार आहे. पण त्याआधी कळंबोलीच्या पोपटशेठना आणि कामोठ्याच्या सबनीसांना भेटायला हवं, कारण सुरुवात त्यांनी केली.

खेळ सगळ्यांसाठी खुला करण्याआधी आम्ही तो शंभरेक माणसांना फुकट खेळायला दिला होता. सगळ्यांच्या गुणांची यादी रोज झळकायची. त्या यादीत एक नाव वर जाऊन बसलं आणि हलेचना. दुसऱ्या नंबरवाल्याच्या चाळीसपट गुण. इम्तियाज म्हणाला, "ताई, हा माणूस नाही, राक्षस आहे." मी फोन लावला. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या वजनकाट्यावर बसणारे पोपटशेठ निघाले.

"कुठलं गाणं लावता हो?" मी विचारलं.

"गाणं कशाला, मॅडम? रविवारी मार्केट बंद असतं ना, तेव्हा ऑफिसमध्ये फोन रेकॉर्डिंगला ठेवला. पाच तास. एकदम शांत. आवाज नाय, तर शत्रू नाय. टिकून राहायचे पॉइंट मात्र चालू. मी मस्त झोपून घेतलं."

"अहो, ही लबाडी झाली."

"कुठे लिहिलंय गाणं पाहिजेच म्हणून? दाखवा."

कुठेच लिहिलं नव्हतं. मी भजनं तपासली, लावण्या तपासल्या, कव्वाल्या तपासल्या. बँजो तपासला, अगदी आमच्या ह्यांचं घोरणंसुद्धा तपासलं. पण काहीच नसलेलं काही तपासायचं मला सुचलं नाही. एकवीस वर्षांची तपासणीस आणि वजनकाट्यावरच्या माणसाने झोपेत हरवलं. नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्याच दुपारी आम्ही नियम केला: ज्यात ताल सापडत नाही ती फाइल खेळाने घ्यायचीच नाही. आणि नाकारताना पडद्यावर जे वाक्य येणार, ते मी लिहिलं. आमच्याकडे मराठी मजकूर लिहायचं कामही माझ्याकडेच आहे. रागात होते, तरी शुद्ध लिहिलं: 'या फाइलमध्ये संगीत सापडले नाही. कृपया गाणे निवडा.' लाल अक्षरात.

सबनीसकाकांचं प्रकरण पुढच्याच आठवड्यातलं. हे कामोठ्याला राहतात. त्यांच्या वरच्या मजल्यावर रोज सकाळी सहाला मिक्सर सुरू होतो, वाटणाचा. काकांनी तो आवाज रेकॉर्ड केला, नातवाच्या फोनवर आमच्या खेळात घातला आणि निकाल आम्हाला लिहून पाठवला: सदर मिक्सरमधून चारशे बारा शत्रू निघाले, तरी कंपनीने तसं लेखी प्रमाणपत्र द्यावं, सोसायटीच्या सभेत ठेवायचं आहे.

मी फोन केला. "काका, अहो हा खेळ आहे."

"म्हणूनच मागतोय. सेक्रेटरी खोटं बोलतो, खेळ खोटं बोलत नाही."

माझ्या नियमाचंच बोलले म्हटल्यावर मी विरघळले. शत्रूंचं काही लिहून देता येणार नव्हतं. पण खेळ फाइल घेतो म्हणजे त्याला तिच्यात संगीत सापडलेलं असतं, एवढं खरं होतं. तेवढंच मी लेटरहेडवर लिहून दिलं: 'आपण पाठवलेल्या फाइलमध्ये संगीत सापडले.' सभेत काकांनी ते मोठ्या तोंडाने वाचलं. वरच्या मजल्यावरच्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "बघा, हे स्वतःच कबूल करतायत. संगीत आहे ते." ठराव पडला. सबनीसकाका माझ्याशी बोलत नाहीत.

आता हिराबाईंकडे येते.

हिराबाई धवलारीण. आगरी लग्नात हळदीपासून अक्षतांपर्यंत प्रत्येक विधीला बायका धवळे म्हणतात, आणि ते सांगणारी जी मुख्य बाई, ती धवलारीण. ढोल नाही, पेटी नाही, टाळ्यासुद्धा नाहीत. नुसता गळा. एक ओळ ती म्हणणार, बाकीच्या ती झेलणार. एके काळी हिराबाई आल्याशिवाय गावात नवरीला हळद लागत नसे. हल्ली बँजो येतो, डीजे येतो, आणि धवलारिणीला फोटोपुरतं बोलावतात. तरी करिश्माचं लग्न ठरल्यापासून हिराबाईंच्या अंगात वारं भरलं होतं. नात त्यांची, मांडव त्यांचा. अख्खा धवळा म्हणणार, एक ओळ सोडणार नाही, असं त्या येता-जाता सांगायच्या. जगदीशने डीजे आधीच ठरवून ठेवला होता आणि आईसाठी त्यातली दहा मिनिटं काढली होती. करिश्माचं म्हणणं सरळ होतं: "आजी, तुझ्या गाण्याला ताल नाही गं. नाचणार कसं?"

एका रविवारी, लग्नाला महिना असताना, आम्ही जगदीशच्या दिवाणखान्यातल्या भल्यामोठ्या टीव्हीवर खेळ कसा दिसतो ते बघत होतो. लग्नाच्या तयारीला बायका जमल्या होत्या, तांदूळ निवडत होत्या. करिश्मा खेळत होती. ती आमच्या यादीतली खरीखुरी पहिली. पोपटशेठना काढल्यावर तिलाच तो मान मिळाला होता. सगळ्या बघतायत म्हटल्यावर हिराबाई मला म्हणाल्या, "मास्तरीन, माजा गान घाल ना त्याचे पोटान. बगू काय करतंय."

सारख्या चुका काढते म्हणून त्या मला मास्तरीन म्हणतात. मी फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला. त्यांनी डोळे मिटले आणि हळदीचा धवळा म्हटला, चांगली चार मिनिटं. खोलीतली सुपं थांबली. मी गाण्यातली जाणकार नाही, पण मलाही श्वास सोडायचं भान राहिलं नाही. मग मी ती फाइल खेळाला दिली.

पडदा काळा झाला. लाल अक्षरं आली.

हिराबाईंना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "मास्तरीन, काय लिवलंय गो तया?"

इथे दुसरी कोणीही बाई म्हणाली असती, आजी, वायर सैल आहे. करिश्मा मला डोळ्यांनी खुणावत होती. इम्तियाज तर टीव्हीच्या मागे हात घालून प्लग उपटायच्या बेतात होता. पण निकाल विचारला की निकाल सांगायचा, ही एकवीस वर्षांची खोड. मी जसंच्या तसं वाचलं: "या फाइलमध्ये संगीत सापडले नाही. कृपया गाणे निवडा."

'कृपया'सुद्धा वाचलं.

हिराबाई म्हणाल्या, "मंजे माजे गल्यान गानाच नाय, आसा बोलतंय तुमचा यंत्र." आणि पदर सावरून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, लग्नात धवळा म्हणणार नाही. "यंत्राला ठावं हाय, डीजेवाल्याला ठावं हाय, करिश्माला ठावं हाय. मनाच ठावं नव्हता." जगदीशने वरवर समजूत घातली, पण त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान लपत नव्हतं. दहा मिनिटं डीजेला परत मिळाली.

मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. जिन्यावर हिराबाई भेटल्या की त्या भिंतीकडे बघायच्या. आणि एक शिक्षा त्यांनी न बोलता केली: जेवणाच्या वेळी खालून येणारी तांदळाची भाकरी आणि सुकट बंद झाली. मी डबा आणते, पण इम्तियाज त्या सुकटीवर जगत होता. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, माझ्या बापाचं सुकटीचं दुकान आहे आणि मी इथे व्हेज पुलाव खातोय. काहीतरी करा."

मी चुकांचं रजिस्टर उघडलं. आमच्याकडे प्रत्येक चुकीला दर्जा द्यावा लागतो. चार नंबर म्हणजे दिसायला वाईट, दोन नंबर म्हणजे खेळताना त्रास, एक नंबर म्हणजे खेळच बंद पडतो. एक नंबरची चूक उघडी असली, तर खेळ बाजारात आणायच्या कागदावर तपासणारी सही करत नाही. माझ्या हातात सत्ता म्हणावी अशी एवढीच गोष्ट आहे. मी लिहिलं: धवळ्यात संगीत सापडत नाही. दर्जा, एक.

इम्तियाज खुर्चीतून उठला. "ताई, एक नंबर म्हणजे क्रॅश! इथे काय बंद पडलं?"

"हिराबाई," मी म्हणाले.

"अहो, तारीख जाहीर झालीय! चार आठवडे उरलेत. आणि नियम तुम्हीच करून घेतला ना, ताल नाही तर फाइल नाही?"

"नियम चुकला. कामोठ्याच्या मिक्सरमध्ये आपल्याला संगीत सापडतं आणि या बाईच्या गळ्यात सापडत नाही. मी सही करणार नाही."

त्याने बरंच टेन्शन घेतलं, थोडं मलाही दिलं. म्हणाला, ताई, तुम्ही माझ्या मुळावर उठलायत. मी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि सही केली नाही. संध्याकाळी तो हेडफोन लावून बसला आणि तीच चार मिनिटं पुन्हापुन्हा ऐकू लागला. तिसऱ्या दिवशी त्याने मला हाक मारली. आवाजाचा आलेख पडद्यावर डोंगरांसारखा पसरला होता. त्याने मधल्या बारीक खाचांवर बोट ठेवलं.

"ताई, ताल आहे. आपण ठोक्यात शोधत होतो, तो श्वासात आहे. आजी ओळ ओढतात आणि जिथे श्वास घेतात तिथे मोजून माप पडतंय. आमच्याकडे लग्नात माझी आजी अशीच गायची. मला तेव्हा वाटायचं, ही मध्येच विसरते."

मग दोन आठवडे आमच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्याने खेळाला श्वास ऐकायला शिकवलं: श्वास आला की शत्रूंची नवी फळी, आणि ओळ जितकी लांब ओढली जाईल तितकी ती फळी पसरत जाणार. पोपटशेठची पाच तासांची शांतता मात्र अजून बाहेरच राहिली, कारण बंद ऑफिस श्वास घेत नाही. माझं काम, खेळाला सापडलेला प्रत्येक श्वास कानाने ऐकून बरोबर की चूक ते लिहायचं. मी सगळ्या श्वासांपुढे बरोबरची खूण केली आणि त्या निकालावर मान ताठ करून घरी गेले.

लाल अक्षरांचं वाक्यही बदललं. आता तिथे निळ्या अक्षरांत येतं: 'आम्हाला ताल ऐकू आला नाही. चूक आमची असू शकते.' माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं हे सगळ्यात अवघड वाक्य.

पण हिराबाई वर यायला तयार होईनात. इम्तियाज स्वतः खाली जाऊन म्हणाला, आजी, यंत्र सुधारलं, या, बघा. आतून उत्तर आलं, "मी काय बालवारी चालवतंय तुमचे यंत्राची?" आली ती करिश्मा. तिला त्या रविवारपासून चुटपुट लागलेली होती, आणि शिवाय पहिल्या नंबरचा तोरा होताच. मी तिला धवळा लावून दिला.

चाळीस सेकंदांत मेली. पुन्हा लावला, पुन्हा मेली. डीजेच्या गाण्यात ठोका पुढे कुठे पडणार ते बोटांना आधीच कळतं; आजीचा श्वास कधी येईल ते कळेना. "ही काय चीटिंग आहे?" ती म्हणाली आणि फाइल फोनमध्ये घेऊन गेली. त्यानंतर ती मला कधी शालूच्या दुकानाबाहेर, कधी पार्लरमध्ये, कधी जिन्यात मरताना दिसायची. मेंदी काढलेल्या दिवशी तर कोपराने खेळायचा प्रयत्न चालला होता. मी तिला एकच सांगितलं, की डोळ्यांनी शोधू नकोस, गाणं ऐक. मग ती खेळताना गुणगुणायला लागली. हळदीच्या आदल्या दिवशी ती शेवटपर्यंत टिकली आणि जिन्यातून ओरडली, "मास्तरीनबाई, आजीला मारलं!" खालच्या घरात केवढी धावपळ उडाली.

हळदीच्या दिवशी दुपारीच गल्लीत मांडव गच्च भरला. डीजेचे डबे एकावर एक रचलेले, इतके उंच की पहिल्या मजल्यावरचं आमचं ऑफिस त्यांच्यामागे दिसेना. हिराबाई कडेच्या खुर्चीवर ठेवणीतलं लुगडं नेसून तोंडात पान घालून बसल्या होत्या. पान मुद्दाम, तोंड रिकामं नको म्हणून. करिश्मा पाटावर. पाच सवाष्णी हळदीत बोटं बुडवून थांबल्या, कारण धवळ्याची पहिली ओळ पडल्याशिवाय नवरीला हळद लावायची नाही, एवढी रीत तरी सगळ्यांना ठाऊक होती. सगळ्यांनी हिराबाईंकडे बघितलं. हिराबाईंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं.

जगदीशने डीजेवाल्याला हात वर करून खूण केली.

"थांबा," करिश्मा म्हणाली. आणि पाटावर बसल्या बसल्या तिने धवळा सुरू केला.

मांडवात कुजबुज उठली. नवरी स्वतःच्या हळदीला स्वतः धवळा म्हणते, हे कोणी बघितलं नव्हतं. तिचा आवाज काही आजीसारखा नाही, जरा नाकातला आहे. पण ओळ सरळ जात होती, श्वास जागच्या जागी पडत होते, आणि मांडीवर तिचे दोन्ही अंगठे हलत होते. शत्रू डावीकडून आले, उजवीकडून आले. तिला बिचारीला अंगठे हलवल्याशिवाय पुढची ओळच आठवत नव्हती. सवाष्णींनी हळद लावायला घेतली. मी हिराबाईंकडे बघत होते. त्यांचं पान चघळणं थांबलं होतं.

अकराव्या ओळीला करिश्मा देवाचं नाव घेत होती. अर्ध्या नावात ती थांबली, श्वास घेतला, अंगठा दाबला आणि उरलेलं नाव घेतलं.

"अगो!" हिराबाई खुर्चीतून उठल्या. पान थुंकायलाही थांबल्या नाहीत, हातातच काढलं. "तया सास नाय घेवाचा पोरी! देवाचा नाव मधीच तोरलास! कोनी शिकवलान तुना?"

"तूच," करिश्मा म्हणाली.

"मी? मी आसा कवा बोलली? आईक आता." आणि त्या पाटाजवळ येऊन उभ्या राहिल्या, अकरावी ओळ पहिल्यापासून उचलली, आणि मग थांबल्याच नाहीत. मागच्या रांगेतून दोन म्हाताऱ्या उठून आल्या, त्यांनी ओळ झेलली. मग चौघी झाल्या. मला सांगायला लाज वाटत नाही, मी रडले. इम्तियाजही रडत होता, पण त्याच्या हातात सुकटीची भाकरी होती, त्यामुळे नक्की कशाने ते सांगता येणार नाही.

डीजेवाला माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, आधी दहा मिनिटं बोलले होते, मग तीही नाही म्हणाले. पाऊण तास झाला."

"ताल नाही ना त्याला," मी म्हणाले. "वेळ लागतो."

इम्तियाजने तिथेच फोन पुढे केला. "ताई, सही?" मी सही केली. बोटाला हळद होती. त्या कागदाचा फोटो आमच्या भिंतीवर आहे, आणि फोनच्या काचेवर तो पिवळा डाग बरेच दिवस होता.

पण अकरावी ओळ माझ्या डोक्यातून जाईना. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी हेडफोन लावून ती जागा शंभर वेळा ऐकली. श्वास होता. स्पष्ट होता. फक्त तो हिराबाईंचा नव्हता. फोन मी धरला होता, गाणं ऐकताना माझा श्वास अडकला होता, आणि अकराव्या ओळीवर तो सुटला होता, थेट फोनवर. खेळाने तो प्रामाणिकपणे मोजला. मी तो ऐकून त्याच्यापुढे बरोबरची खूण केली. जगातल्या सगळ्यांच्या चुका ओळखणाऱ्या बाईला स्वतःचा श्वास ओळखू आला नाही.

मी भीत भीत खाली गेले आणि हिराबाईंना सगळं सांगितलं. निकाल जसा आला तसा. त्या बराच वेळ हसल्या. "मंजे माजी नात लग्नान तुजा सास घेत व्हती?"

"हो. आज दुरुस्त करते. तुमचं गाणं पुन्हा रेकॉर्ड करू, मी लांब उभी राहीन."

खेळाच्या शेवटी कामं केलेल्यांची नावं येतात. तिथे तपासणी या सदराखाली आता हिराबाईंचं नाव आहे, माझ्या वर. ते मीच तसं टाकलं, कारण मला न दिसलेली चूक त्यांना भर मांडवात दिसली. करिश्मा कामोठ्याला नांदते. तिच्या सासरच्या नात्यात लग्नं निघाली की तिथल्या बायका तिलाच धवळा म्हणायला पुढे करतात. ती अंगठे हलवत दहा ओळी नीट म्हणते, अकरावीला माझ्या श्वासावर अडखळते, आणि आजीला फोन लावते. मग जगदीशला गाडी काढून हिराबाईंना कामोठ्याला सोडावं लागतं.

त्या दिवशी मी दुरुस्तीचं म्हटल्यावर हिराबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं होतं आणि पुढ्यात भाकरी-सुकट ठेवली होती.

"रावंदे गो मास्तरीन," त्या म्हणाल्या. "पोर चुकली नाय, त मना बोलवल कोन?"

मी वर गेले, रजिस्टर उघडलं आणि नोंद केली: धवळा, ओळ अकरा, चुकीच्या जागी श्वास. दर्जा, एक. दुरुस्ती, करू नये.